पूर्वजांच्या मागावर बऱ्हाणपूरची वाट

खानदेश, वऱ्हाड आणि माळव्यात पसरलेल्या मराठी घराण्यांचा माग काढणाऱ्याला कधी ना कधी बऱ्हाणपूरच्या वाटेला लागावेच लागते. उत्तरेतून दख्खनेत उतरणारा जुना राजमार्ग नर्मदा ओलांडून असीरगडाच्या पायथ्याने तापीकाठी येई आणि इथून औरंगाबाद, वऱ्हाड, सुरत असे फाटे फुटत. सैन्ये, व्यापारी, काशीयात्रेकरू, विणकर, सूफी, कारकून, सगळ्यांचा मुक्काम इथे पडला. त्यांच्यातल्या काहींची घरे इथेच राहिली आणि काहींच्या फक्त नोंदी राहिल्या. आजही रावेरकडून किंवा मुक्ताईनगर–इच्छापूरकडून मोटारीने येणारी कुटुंबे एकाच फेरीत किल्ला, मशीद, छत्री पाहतात आणि मूळगावचा, भाऊबंदांचा शोधही घेतात. प्रेक्षणीय स्थळे आणि वंशावळ ही दोन कामे वेगळी वाटली, तरी या शहराच्या बाबतीत ती एकच आहेत.

रेल्वेने येणारा माणूस प्रथम उतरतो तो लालबागेत. बऱ्हाणपूरचे स्थानक शहरापासून सुमारे ३ किलोमीटर दूर, या उपनगरात आहे. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाने इथे बाग फुलवली होती. १६१० साली बऱ्हाणपुरात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे: शहरापासून बागेपर्यंत सगळी वाट झाडांच्या सावलीतली, आत फिरायच्या वाटा आणि चार झाडांच्या मधोमध एक छोटा चौकोनी हौद. याच परिसरात कुंडी भंडारा आहे. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचे, ठरावीक अंतरावर खोदलेल्या विहिरीसारख्या कुंड्यांनी त्याला हवा द्यायची आणि नुसत्या उताराच्या जोरावर ते शहरापर्यंत न्यायचे, अशी ही योजना. इराणी भूशास्त्रज्ञ तबकुतुल अर्ज याच्या देखरेखीखाली १६१५च्या सुमारास ती खानखानाच्या अमलात पुरी झाली. कुंडीत उतरल्यावर भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर साचलेले दिसतात. शेकडो वर्षे पाणी वाहिल्याची ती खूण आहे. मार्च २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला.

लालबागेचा पुढचा अवतार गिरणीचा. विसाव्या शतकात ताप्ती मिलच्या भोंग्यावर इथला दिवस चाले. गिरणी आणि रेल्वे या दोन नोकऱ्यांपायी खानदेशातली कितीतरी कुटुंबे इकडे सरकली. जवळच्या नेपानगरात देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तिथेही मराठी कामगारांची वस्ती झाली. अशा घराण्यांचा शोध राजेरजवाड्यांच्या कागदांत लागत नाही. रेल्वेचे सेवापुस्तक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, चाळीतल्या शेजाऱ्याची आठवण, एवढ्यावरच तो चालतो. कुलवृत्तांत लिहिणारे अशा नोंदींना दुय्यम मानतात. ते चुकीचे आहे. पणजोबा कोणत्या साली गाव सोडून आले हे सांगणारा एकमेव कागद पुष्कळदा शाळेचा दाखलाच असतो.

शहराची सुरुवात फारुकी घराण्यापासून. मलिक राजाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात आपली सत्ता उभी केली. त्याची राजधानी थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. त्याचा मुलगा नसीर खान याने १४००च्या सुमारास बऱ्हाणपूर वसवले. शहराला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले आणि तापीपलीकडच्या वस्तीला शेख जैनुद्दीन यांच्या नावावरून जैनाबाद म्हटले. फारुकींचा अंमल १६०१पर्यंत टिकला. या घराण्याची वंशावळ पाहायची तर बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जावे. आदिलशहा फारुकीने, म्हणजे राजा अलीखानाने, बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो राजा मलिकापासून बांधणाऱ्या सुलतानापर्यंतच्या पिढ्या क्रमाने सांगतो. शेवटी विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष महिना, तिथी, वार, नक्षत्र, लग्न असा पंचांगाच्या थाटाचा काळ दिला आहे. इसवी सनाप्रमाणे तो १५९०चा जानेवारी येतो. मुसलमान राजाची वंशावळ, देवनागरीत, मुहूर्तासकट आणि मशिदीच्या भिंतीवर! असा पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

थाळनेरला या घराण्याच्या पहिल्या पिढ्यांच्या कबरी आहेत. प्रवासाची आखणी करताना थाळनेर आधी आणि बऱ्हाणपूर नंतर घेतले, तर दगडावरची वंशावळ आणि जमिनीतल्या कबरी एकमेकींशी ताडून पाहता येतात. साध्या घराण्याच्या शोधातही पद्धत हीच असते. एका जागी मिळालेले नाव दुसऱ्या जागी तपासल्याशिवाय वंशावळीत घालायचे नाही.

१६०१च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्या विजयाची नोंद मीर मासूम भक्करी याने याच जामा मशिदीत कोरली. हा मासूम मूळचा सिंधमधल्या भक्करचा. बऱ्हाणपुरात सिंधी माणसे त्याच्याही आधीपासून येत होती. सोळाव्या शतकात सिंधमधल्या उलथापालथीला कंटाळून सूफी आणि त्यांच्याबरोबरचे लोक इथे आले. त्यांची वस्ती सिंधीपुरा या नावाने आजही ओळखली जाते. मोगल काळात इथे तयार होणारे कापड कुठवर जाई, ते फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्नियेने नोंदवले आहे. इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो अशा बाजारांची नावे तो देतो. कापडाबरोबर जरीचा धंदाही मोठा होता. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती पोलादी जंत्रीच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत केसासारखी तार करायची, तार ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. यातले एकेक काम एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाले. त्यामुळे विणकर आणि तारकशांच्या घरी धंद्याची आठवण आणि वंशाची आठवण वेगळी काढता येत नाही. कोणाचा मुलगा कोणाच्या हाताखाली शिकला, हे सांगता सांगता चार पिढ्या समोर येतात.

मोगलांच्या घरगुती इतिहासातही हे शहर वारंवार येते. शाहजादा दानियाल इथेच दारूपायी मेला. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथे वारली. तिचा देह आधी जैनाबादच्या बागेत ठेवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्याला नेला. आहुखान्याकडे जाणारे पर्यटक ते ठिकाण पाहतात. खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची कबर, लोकांच्या तोंडी ‘काळा ताजमहाल’, शहराबाहेर आहे. मराठी वाचकाला जास्त ओळखीचे नाव मिर्झाराजे जयसिंगांचे. पुरंदरचा तह करणारे जयसिंग १६६७च्या ऑगस्टमध्ये बऱ्हाणपुरात वारले. तापीकाठी बोहरडा गावाजवळ त्यांची छत्री उभी आहे.

घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने बऱ्हाणपूरचा सगळ्यात मोलाचा माणूस मात्र भीमसेन सक्सेना. हा कायस्थ कारकून १६४९ साली इथेच जन्मला. त्याचे वडील रघुनंदनदास मोगल तोफखान्याच्या कचेरीत होते आणि चुलते भगवानदास दख्खनच्या दिवाणगिरीपर्यंत चढले. भीमसेन पुढे दलपतराव बुंदेल्याच्या नोकरीत राहिला आणि उतारवयात त्याने ‘तारीखे दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ लिहिला. मोगल–मराठा झुंजीचा इतिहास म्हणून तो वाचला जातो. सेतुमाधवराव पगडींमुळे तो मराठीतही आला. पण त्यातच बाप, चुलते, त्यांच्या नेमणुका, बदल्या, मुक्काम असा एका नोकरदार घराण्याचा वृत्तांतही गुंफलेला आहे. राजाच्या इतिहासाला स्वतःच्या घरचा धागा जोडून लिहिणारा हा माणूस आजच्या कुलवृत्तांतकारांचा पूर्वसूरी ठरतो.

मराठ्यांचा या शहराशी पहिला मोठा संबंध लुटीचा. १६८१च्या सुरुवातीला, संभाजीराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादूरपुरा हे बऱ्हाणपूरचे श्रीमंत उपनगर तीन दिवस लुटले. उदगीरच्या लढाईनंतर १७६०मध्ये असीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्याच वर्षीच्या एप्रिलात सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपूर–हंडिया याच वाटेने नर्मदापार होऊन पानिपताकडे गेली. ‘आमचा मूळपुरुष पानपतावर पडला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत ऐकू येते. काही घरांत त्याला सनदेचा किंवा इनामाचा आधार असतो, पुष्कळ घरांत नसतो. आधार नसेल तर ती परंपरा म्हणून लिहावी, नोंद म्हणून लिहू नये. एवढे पथ्य पाळले, तर निम्मे कुलवृत्तांत अधिक विश्वासार्ह होतील.

पेशव्यांच्या अमलात इथे आलेल्या घराण्यांत भुसकुटे ठळक आहेत. निमाड आणि हंडियाकडची सरमंडलोईची वतनदारी त्यांच्याकडे होती. बऱ्हाणपूर आणि टिमरणी ही त्यांची ठिकाणे. कोकणातून निघालेले चित्पावन कुटुंब दोन पिढ्यांत नर्मदाखोऱ्यात वतनदार कसे होते, याचा हा नमुना. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या इच्छापूरच्या टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर आहे. मुलासाठी नवस बोललेल्या एका मराठा सुभेदाराने ते बांधले, असे सांगतात. खानदेशातली आणि निमाडातली अनेक घरे या देवीला मानतात.

कुलदैवत ही मूळगावाची सगळ्यात टिकाऊ खूण आहे. आडनाव बदलते, वतन जाते, भाषा बदलते. देवीला जायची रीत सहसा सुटत नाही. इंदूर, खंडवा किंवा बऱ्हाणपुरात पाच पिढ्या राहिलेले कुटुंब लग्नानंतर यावल तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतल्या मनुदेवीला किंवा धुळ्याच्या एकवीरेला जात असेल, तर शोध त्या दिशेने सुरू करावा. लेवा पाटीदार आणि गुजर या समाजांत आणखी एक साधन आहे, भाटांची वही. भाट गावोगाव फिरून यजमानांच्या घरी जुन्या पिढ्या वाचून दाखवी आणि नव्या जन्मांची नावे चढवी. गुजरातेतून खानदेशात आल्याची या समाजांची आठवण या वह्यांमुळेच टिकली. रावेरपासून शहापूरपर्यंत, म्हणजे आजच्या राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंना, ही कुळे एकाच गणगोताची आहेत.

तीर्थक्षेत्रांच्या नामावळ्या हे त्याहून मोठे साधन. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांची आणि आडनावांची वाटणी असते. यजमान आला की प्रश्न ठरलेला: आडनाव काय, मूळगाव कोणते? मग गाठोड्यातून लांबट वही निघते. आधी मोडीत, पुढे बाळबोधीत लिहिलेल्या ओळी दिसतात. अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू, भाऊ इतके, बरोबर आई, शेवटी तिथी आणि सही, किंवा सहीच्या जागी अंगठा. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा या तिघांची नावे उच्चारावी लागतात, म्हणून तीन पिढ्या पाठ असणे घरोघर भागच होते. नामावळीने त्या तिघांच्या मागचे चौथे, पाचवे नाव जपले. बऱ्हाणपूरच्या वाटेने काशीला गेलेल्या घराण्याची नोंद अशा दोन-तीन क्षेत्री असू शकते आणि तारखा जुळल्या, तर प्रवासाचे साल निश्चित करता येते.

ही परंपरा केवळ हिंदू घरांची नाही. दाऊदी बोहऱ्यांची कुटुंबे मुंबईहून बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या दर्गाह-ए-हकीमीला पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. हिजरी ११४२, म्हणजे १७३०च्या सुमारास वारलेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची ती समाधी. गुरू गोविंदसिंग १७०८मध्ये दक्षिणेला जाताना बऱ्हाणपुरात थांबले होते. ‘बडी संगत’ गुरुद्वारा त्या मुक्कामाची आठवण आहे. शीख कुटुंबे नांदेडला जाता-येता तिथे उतरतात. असीरगडावर इंग्रजी अमलातली जुनी दफनभूमी आहे. गडाला १८१९मध्ये वेढा पडला, ९ एप्रिलला तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे तिथे शिबंदी राहिली. त्या शिपायांचा आणि अधिकाऱ्यांचा शोध त्यांचे वंशज घेत असतील, तर सुरुवात याच थडग्यांपासून होते.

कागदांच्या बाबतीत बऱ्हाणपूरइतके विखुरलेले शहर क्वचितच असेल, कारण सत्ता बदलली की दप्तरही हलले. मोगल दख्खनच्या कचेरीतले शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दीड लाखांच्या आसपास फारसी कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. पेशवाईचे मोडी रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. त्यांतली निवड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापली आणि हाताशी धरायला ते खंड आजही सोयीचे आहेत. १७७८मध्ये हा मुलूख शिंद्यांकडे गेला, म्हणून पुढचे कागद ग्वाल्हेरकडे शोधावे लागतात. १८०३मध्ये इंग्रजांनी बऱ्हाणपूर आणि असीरगड काबीज केले. त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शहर शिंद्यांना परत मिळाले आणि १८६०मध्ये ते कायमचे इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६४मध्ये निमाड जिल्ह्याबरोबर बऱ्हाणपूर त्यात आले.

इथे शोधकाने एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. इच्छापूरच्या अलीकडचा खानदेश मुंबई इलाख्यात होता, पलीकडचे निमाड मध्य प्रांतात. मुंबई इलाख्यात रयतवारी. शेतकऱ्याचे नाव थेट सरकारी दप्तरात, आणि वारस लागला की फेरफार नोंद. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४. मध्य प्रांतात मुख्यतः मालगुजारी. बंदोबस्ताच्या वेळी गाववार मिसल तयार होई, आणि जन्ममृत्यूच्या नोंदी गावचा कोतवाल ठेवी व पोलीस ठाण्यात वर्दी देई. तेच ‘कोतवाल बुक’. निमाडचा पहिला बंदोबस्त १८६०च्या दशकात कॅप्टन जेम्स फॉरसिथ याने केला. एकाच कुळातल्या दोन भावांपैकी एक रावेरला आणि दुसरा शहापूरला राहिला असेल, तर त्यांच्या नोंदी दोन वेगवेगळ्या नमुन्यांत, दोन राज्यांच्या कचेऱ्यांत आणि बहुधा दोन भाषांत सापडतात. कोतवाल बुकात मुलाचे नाव बऱ्याचदा नसतेच. बापाचे नाव, जात, गाव, तारीख आणि ‘मुलगा’ की ‘मुलगी’ एवढेच. मग शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ते ताडून पाहावे लागते. २०२३मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हापासून या जुन्या रजिस्टरांकडे आणि मोडी वाचकांकडे सामान्य कुटुंबांचेही लक्ष गेले.

या सगळ्या साधनांत एक मोठी पोकळी आहे. ती स्त्रियांची. वंशावळीत मुली गाळल्या जातात, सुना फक्त एका नावाने येतात आणि माहेर लिहिलेले नसते. नामावळीत यजमानाबरोबर आलेली आई दिसते, पण ती कोणाची मुलगी ते कळत नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयादीतही देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा मुलगी म्हणून नोंद केली. ज्या राज्यांत हे घडले, त्यांत त्या वेळचे मध्य भारत राज्यही होते. ही पोकळी कागदांनी भरत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांची आजोळे आणि मावश्यांची सासरे विचारून, लगेच लिहून ठेवली, तरच ती थोडीफार भरते. आजचा कुलवृत्तांत मुलींच्या शाखा देत नसेल, तर तो अर्धाच समजावा.

रस्त्याचा क्रम सोपा आहे. धुळ्याकडून येणाऱ्याने थाळनेर करून चोपडा–यावल–रावेर मार्गे बऱ्हाणपूर गाठावे. वाटेवर मनुदेवी आहे. वऱ्हाडाकडून येणाऱ्याला मुक्ताईनगर, चांगदेवचा तापी–पूर्णा संगम आणि इच्छापूर लागते. बऱ्हाणपुरात जामा मशीद, शाही किल्ला, आहुखाना, जयसिंगांची छत्री आणि लालबागेचा कुंडी भंडारा पाहून पुढे सुमारे २० किलोमीटरवर असीरगड येतो. तिथून खंडवा, सनावद आणि नर्मदाकाठचे रावेरखेडी. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी तिथे देह ठेवला आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. कचेऱ्यांचे काम मात्र आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशीच होते. म्हणून तहसील आधी आणि किल्ला नंतर ठेवावा. गाव, सर्व्हे किंवा खसरा क्रमांक आणि अंदाजे साल हातात असल्याशिवाय नक्कल मिळणे कठीण. म्हणून घरातले कागद निघण्यापूर्वीच चाळलेले बरे. बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा भाग पूर्व निमाड जिल्ह्यात होता, त्यामुळे जिल्हा पातळीवरच्या जुन्या कागदांसाठी खंडव्यालाच अर्ज करावा लागतो.